वाचक विचारतात : बर्फाने खडक कसा फुटतो?

लडाखच्या प्रवासावरील लेख या मासिकात छापून आल्यानंतर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी होती. ज्या भागात पारा शून्याच्या जवळपासही फिरकत नाही, तिथल्या वाचकांनी गोठणाऱ्या पाण्याविषयी इतक्या आस्थेने विचारावे याचा मनापासून आनंद झाला. त्यांतील पाच पत्रे निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. काहींची उत्तरे चार ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आम्ही कुटुंबासह लेहला जाऊन आलो. डोंगरउतारांवर टोकदार, ताज्या कडांच्या दगडांचा खच पडलेला दिसला. गाडीचालकाने सांगितले, ‘हे सगळे बर्फाने फोडलेले दगड आहेत.’ मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातही ‘पाणी गोठल्यावर प्रसरण पावते, त्यामुळे खडक फुटतो’ असे एका ओळीत दिले आहे. पण बर्फाची लादी तर रसवंतीवाला टोच्याने सहज फोडतो. जो दगड फोडायला आपल्याकडे पाथरवटाला घण आणि छिन्नी लागते, तो असा ठिसूळ पदार्थ कसा फोडू शकेल? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर : पुस्तकातील ती ओळ चुकीची नाही, अपुरी आहे, आणि आपली शंका अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारी आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

बहुतेक द्रव गोठताना आकसतात. पाण्याचे तसे नाही. ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होईतो तेही आकसत जाते, त्याखाली मात्र किंचित फुगू लागते आणि गोठण्याच्या क्षणी एकदम सुमारे ९ टक्के जास्त जागा व्यापते. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजारच्या रेणूंशी ठरावीक अंतर राखून बांधलेला असतो आणि त्यातून आत पोकळी राहणारी षटकोनी रचना तयार होते. द्रवरूप पाण्यात हेच रेणू सैल असल्यामुळे एकमेकांच्या अधिक जवळ सरकू शकतात. आता या फुगणाऱ्या पाण्याला सर्व बाजूंनी बंद केले, तर त्याचा दाब तापमान उतरेल तसा वाढत जातो आणि उणे २२ अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,००० पट होतो. त्यापुढे तो वाढत नाही, कारण तिथे बर्फाचा दुसरा, अधिक घन प्रकार तयार होऊ लागतो. दुसरीकडे खडकाची बाजू पाहा. खडक दाबाला कणखर असतो, ताणाला नसतो. एखाद्या खांबाखाली तो शतकानुशतके भार पेलतो, पण त्यालाच आतून दोन्ही बाजूंना ओढले, तर वातावरणाच्या दाबाच्या साधारण ५० ते २५० पट ताणातच बहुतेक खडक तुटतात. बर्फ खडकाला दाबत नाही, फटीच्या दोन्ही भिंती एकमेकींपासून दूर लोटतो, म्हणजे खडकाच्या दुबळ्या बाजूवर काम करतो. टोच्याने लादी फुटते, कारण तुकड्यांना बाजूला उडायला मोकळी जागा असते. अरुंद फटीत कोंडलेल्या बर्फाला तशी जागा नसते. म्हणून तिथे त्याचा ठिसूळपणा आड येत नाही.

बंद जागेतील पाण्याची ताकद किती असते, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅनडातील क्युबेक येथे मेजर एडवर्ड विल्यम्स या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याने १७८४-८५ च्या हिवाळ्यात पोकळ लोखंडी तोफगोळे पाण्याने भरले, त्यांच्या तोंडांत लोखंडी बुचे ठोकून बसवली आणि ते रात्रभर थंडीत ठेवले. काही गोळ्यांची बुचे दूरवर फेकली गेली. जिथे बूच निघाले नाही, तिथे गोळाच फुटला.

इथवर पुस्तकातील ओळ टिकते. पण डोंगरावरील खडक हा तोफगोळा नाही. त्याची फट एका टोकाला उघडी असते, तिच्यात हवा असते, आणि फट किंवा छिद्र सुमारे ९१ टक्क्यांहून कमी भरलेले असेल, तर वाढीव ९ टक्क्यांना उरलेल्या मोकळ्या जागेत सामावून घेता येते. खडक पाण्याने पूर्ण भिजलेला असावा आणि थंडी इतकी झपाट्याने यावी की फटीचे तोंड आधी गोठून बंद व्हावे व खालचे पाणी अडकून पडावे, असे घडते, पण नेहमी घडत नाही. केवळ प्रसरणावर सगळा भार टाकला, तर इतके डोंगर इतक्या सातत्याने का फुटतात याचा हिशेब लागत नाही.

हा हिशेब लागण्याची सुरुवात मातीपासून झाली. थंड प्रदेशांत हिवाळ्यात जमीन वर उचलली जाते, रस्ते आणि घरांचे पाये वाकडे होतात. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० च्या आसपास या उचलण्यावर प्रयोग केले. त्यांतील एका प्रयोगात त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातले. बेंझीन साधारण ५.५ अंशांना गोठते आणि गोठताना आकसते. तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे उचलणारी शक्ती निव्वळ गोठताना होणाऱ्या फुगण्यातून येत नव्हती. ती येत होती खालून वर खेचल्या जाणाऱ्या द्रवातून, आणि त्या द्रवावर वाढत जाणाऱ्या स्फटिकातून. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त शिकवून जाणारा प्रयोग हाच, आणि शाळेत तो सांगायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

खडकातही हेच घडते. तापमान शून्याखाली गेले तरी सगळे पाणी एकाच वेळी गोठत नाही. बर्फ आणि खडकाची भिंत यांच्यामध्ये काही नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा थर द्रवरूपातच राहतो. बर्फाच्या पृष्ठभागावर असा थर असावा, हे मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच सुचवले होते. या थरातून, खडकाच्या अजून न गोठलेल्या भागातील पाणी हळूहळू बर्फाकडे ओढले जाते आणि तिथे पोचून गोठते. बर्फ जाड होतो, भिंती मागे सरतात, थर मात्र तसाच राहतो आणि आणखी पाणी आणत राहतो. शून्याखालच्या प्रत्येक अंशामागे हा वाढणारा बर्फ वातावरणाच्या दाबाच्या जास्तीत जास्त ११ पट दाब देऊ शकतो. उणे ५ अंशांना ५५ पट. अखंड, निर्दोष खडक फोडायला हा आकडा तोकडा वाटेल, पण निर्दोष खडक निसर्गात फारसा सापडत नाही. फटीच्या टोकाशी ताण एकवटतो आणि फट केसाएवढी पुढे सरकते. पुन्हा पाणी येते, पुन्हा बर्फ वाढतो.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. खडक फुटण्याला सर्वांत पोषक थंडी म्हणजे कडाक्याची थंडी नव्हे. तापमान शून्याच्या अगदी जवळ असेल तर दाब पुरेसा होत नाही, आणि फार खाली गेले तर तो पातळ थर इतका क्षीण होतो की पाणी पोचतच नाही. कित्येक खडकांच्या बाबतीत साधारण उणे ३ ते उणे ८ अंशांचा टप्पा सर्वांत घातक ठरतो. प्रयोगशाळेत भिजलेल्या वालुकाश्मावर सूक्ष्म आवाज टिपणारी उपकरणे लावून संशोधकांनी आतल्या फटी वाढतानाची कडकड अशाच तापमानात ऐकलेली आहे. म्हणूनच रोज रात्री गोठणे आणि रोज दुपारी वितळणे यापेक्षा, ओल असलेल्या खडकात आठवडेच्या आठवडे टिकून राहणारी बेताची थंडी अधिक काम करून जाऊ शकते.

आता लेहकडे वळू. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते, आणि शहरामागची रांग बहुतांशी ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांची आहे. थंडी मुबलक आहे, तुटवडा आहे तो पाण्याचा. त्यामुळे जिथे हिम साचून हळूहळू झिरपते अशा घळी, सावलीतल्या बाजू आणि कड्यांचे पायथे इथे फोडाफोड अधिक होते. ग्रॅनाइटमध्ये मुळातच सांधे, म्हणजे नैसर्गिक भेगा, असतात; पाणी त्या सांध्यांतून उतरते आणि तुकडे सांध्यांवरच सुटतात, म्हणून त्यांच्या कडा धारदार राहतात. भीमेच्या पात्रातील गोटे पाण्यात लोळून गुळगुळीत होतात. लेहच्या उतारावरचा दगड कड्यावरून सुटून खाली पडला, एवढाच काय तो त्याचा प्रवास. गाडीचालकाचे म्हणणे बव्हंशी खरे आहे, ‘सगळे’ हा शब्द तेवढा काढावा लागेल. पुरातन हिमनद्यांनी ओढून आणलेला मालही त्यात आहे, आणि वरचा भार उतरल्यामुळे आपोआप सैल झालेले खडकही आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. बर्फ फट रुंद करतो, पण तो टिकून असेपर्यंत सुटलेले तुकडे जागच्या जागी धरूनही ठेवतो. २००३ च्या युरोपातील भीषण उन्हाळ्यात आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराच्या धारेवरून खडक कोसळले, तेव्हा उघड्या पडलेल्या जागी बर्फ दिसला होता आणि वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले होते. उंच पर्वतांतील कायम गोठलेली जमीन वितळू लागली की असे कडे अस्थिर होतात, आणि हिमालयात रस्ते व बोगदे बांधणाऱ्यांना आता हे गणित मांडूनच चालावे लागते.

प्रश्न : आमच्या ओळखीच्यांचा बर्फाचा कारखाना आहे. तिथे पत्र्याच्या उभ्या डब्यांत पाणी भरून ते मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. वर्षानुवर्षे तेच डबे वापरात आहेत, एकही फुटत नाही. घरच्या फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली मात्र फुटते. असे का? (एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : पुढच्या खेपेस तो डबा जवळून पाहा. तो वर रुंद आणि खाली किंचित निमुळता असतो, आणि त्याचे तोंड पूर्ण उघडे असते. टाकीतले मिठाचे पाणी शून्याच्या बरेच खाली असूनही गोठत नाही, कारण विरघळलेल्या मिठाने त्याचा गोठणबिंदू खाली ढकललेला असतो. डब्यातले साधे पाणी मात्र पत्र्याला लागून गोठायला सुरुवात होते आणि बर्फ चारही बाजूंनी व तळाकडून आत सरकत जातो. शेवटपर्यंत द्रव राहतो तो मधला गाभा. वाढीव ९ टक्क्यांना वरची वाट मोकळी असल्यामुळे पाणी वर सरकते, म्हणून तयार लादीचा माथा मध्यभागी थोडा फुगीर दिसतो. पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार बर्फात सामावत नाहीत, तेही आत आत ढकलले जातात. लादीच्या मधोमध जो पांढुरका पट्टा दिसतो तो त्यांचाच. डबा निमुळता असल्याने लादी सुटून बाहेरही सहज येते.

बाटलीचे तोंड अरुंद, त्यावर झाकण घट्ट, आणि ती काठोकाठ भरलेली. मानेतले थोडे पाणी लवकर गोठते आणि आतले पाणी कोंडले जाते. पुढचे आपण पाहिलेच आहे. तोंड आधी गोठलेली खडकाची फट आणि ही बाटली यांच्यात तत्त्वतः काहीही फरक नाही.

प्रश्न : दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. मग सह्याद्रीतले खडकही बर्फाने फुटत असतील का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नाही, निदान दखल घ्यावी इतके तरी नाहीत. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताची पाती, गाड्यांचे टप आणि स्ट्रॉबेरीची पाने आपली उष्णता आकाशाकडे टाकून आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. हवा ४-५ अंशांवर असतानाही पात्यावरचे दव गोठू शकते ते यामुळे. पण खडक दिवसभराची उष्णता पोटात धरून असतो, आणि ही थंडी काही तासांपुरती, पृष्ठभागापुरतीच असते. ती खडकात बोटभरही खाली उतरत नाही आणि सूर्य वर आला की संपते. वर सांगितलेला उणे ३ ते उणे ८ चा टप्पा खडकाच्या आत, ओल असताना, बराच काळ टिकावा लागतो. सह्याद्रीत तो येत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लडाखमध्ये रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. तो सांगतो की तिथे काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बुडबुडे राहतील असे रसायन घालतात. आम्ही इथे स्लॅब टाकताना व्हायब्रेटर लावून हवा काढायला धडपडतो. दोघांपैकी कोणाचे बरोबर? (एक बांधकाम व्यावसायिक, मंगळवेढा)

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे, कारण त्या दोन हवा वेगवेगळ्या आहेत. व्हायब्रेटरने आपण जी हवा काढतो, ती मिसळताना आणि ओतताना अडकलेली, वेड्यावाकड्या मोठ्या पोकळ्यांची असते. ती राहिली तर काँक्रीट मधमाशीच्या पोळ्यागत सच्छिद्र होते आणि सळई गंजते. आपल्या भावाकडे जे रसायन घालतात, त्यातून डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, सुटे सुटे, सर्वत्र सारखे पसरलेले बुडबुडे तयार होतात. काँक्रीटच्या केशनलिकांतले पाणी गोठू लागले की त्याला जवळच कुठेतरी शिरायला रिकामी जागा मिळते आणि आतला दाब वाढत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात रस्त्यांच्या पाहणीतून या गोष्टीचा उलगडा झाला, आणि आता भारतीय मानक आयएस ४५६ मध्येही गोठण-वितळणाच्या प्रदेशासाठी अशी हवा ठेवण्याची शिफारस आहे. २० मिलिमीटर खडी असेल तर काँक्रीटच्या घनफळाच्या ५ टक्के, एखादा टक्का इकडे-तिकडे.

या हवेची किंमत चुकवावी लागते. दर टक्का हवेमागे काँक्रीटची ताकद काहीशी उतरते, म्हणून पाण्याचे प्रमाण कमी ठेवून ती भरून काढावी लागते. मंगळवेढ्यात पाणी गोठत नसल्याने हा खर्च आणि ही तूट दोन्ही सोसण्याचे कारण नाही. आपले व्हायब्रेटर चालू राहू द्या.

प्रश्न : आमचा वाडा भुईकोट किल्ल्यापासून फार लांब नाही. जोते काळ्या दगडाचे, वर विटांची आणि दगडांची मिश्र भिंत. आमच्याकडे बर्फ नाही, तरी जोत्याच्या वरच्या भागातील दगडांचे पापुद्रे सुटतात, विटांचा भुगा होतो आणि पांढरा थर येतो. घरातले मोठे म्हणतात, ‘सोलापूरच्या उन्हाने दगड तडकतो.’ हे खरे आहे का? आणि यावर उपाय काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी उन्हाचे पाहू. मे महिन्यात इथे हवाच ४२-४३ अंशांवर जाते आणि उन्हातला काळा दगड तर हात लावू देत नाही, तेव्हा घरच्या मोठ्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन संशोधकाने १९३६ मध्ये हे तपासले. ग्रॅनाइटचा गुळगुळीत केलेला तुकडा त्याने तापवणे आणि कोरड्या हवेने थंड करणे असा क्रम ८९,४०० वेळा केला. रोज एकदा धरले तर ही जवळजवळ २४४ वर्षे होतात. दगडावर काहीही परिणाम दिसला नाही. मग थंड करताना पाण्याचा फवारा वापरला, तेव्हा पहिल्या प्रयोगाच्या मानाने अगदी थोड्या फेऱ्यांत पृष्ठभागाची चकाकी गेली आणि तडे दिसू लागले. त्याचा तुकडा लहान होता, डोंगरातला खडक चहूबाजूंनी जखडलेला असतो, त्यामुळे उष्णतेला अगदीच निर्दोष ठरवता येत नाही, असे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे आणि ते मला पटते. तरी मुख्य मुद्दा कायम राहतो. ऊन एकटे फारसे काही करत नाही. पाणी सोबत असले की करते.

सोलापूरचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. याला मोडणारे पहिले कारण रासायनिक आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, सांध्यांतून खाली उतरते आणि बेसॉल्टमधील खनिजांचे चिकणमातीत व लोहाच्या तांबूस-पिवळ्या संयुगांत रूपांतर करत जाते. सांध्यांनी तोडलेल्या चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे सर्वांत आधी झिजतात आणि कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तशी एकावर एक कवचे सुटत जाऊन आत गोल, घट्ट गोटा उरतो. कुठल्याही मुरुमाच्या खाणीत किंवा नव्या रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत हे स्पष्ट पाहायला मिळते. मुरूम म्हणजे याच वाटेवर अर्ध्यात आलेला बेसॉल्ट, आणि आपली काळी जमीन म्हणजे त्याच वाटेचे पुढचे टोक. मुरुमाची अशी खाण शाळेच्या सहलीने जरूर पाहावी, असे मी भूगोलाच्या प्रत्येक शिक्षकाला सुचवीन.

पण आपल्या वाड्याचे जोते गेल्या शे-दोनशे वर्षांत ढासळते आहे ते या सावकाश प्रक्रियेमुळे नव्हे. तिथे जो पांढरा थर दिसतो, तो लोणा. आणि इथेच आपला प्रश्न लेहच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

जमिनीतली ओल केशाकर्षणाने जोत्यातून आणि भिंतीतून वर चढते. आपल्याकडच्या भूजलात क्षार बरेच असतात, आणि बागायतीच्या पट्ट्यात चोपण होत चाललेल्या जमिनी पाहिल्या की ते किती असतात याची कल्पना येते. ही ओल भिंतीत साधारण कंबरेइतक्या उंचीपर्यंत चढून वाळते. पाणी हवेत जाते आणि क्षार मागे राहतात. दगडाच्या किंवा विटेच्या छिद्रात क्षाराचा स्फटिक वाढू लागला की त्याच्या आणि छिद्राच्या भिंतीच्या मध्ये द्रावणाचा एक पातळ थर टिकून राहतो, तो थर नवा क्षार आणत राहतो आणि स्फटिक भिंतीला मागे लोटत राहतो. लेहच्या ग्रॅनाइटमध्ये बर्फाचा स्फटिक जे करतो, तेच इथे मिठाचा स्फटिक करतो. तिथे पाणी थंडीने गोठते, इथे ते उन्हाने उडून जाते. आतून ताण देऊन फोडण्याची रीत एकच.

या क्षारांपैकी सोडियम सल्फेट विशेष उपद्रवी आहे. ३२.४ अंशांच्या वर ते निर्जल रूपात राहते. त्याखाली ओल मिळाली की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे १० रेणू घेऊन त्याचे नवे स्फटिक बनतात आणि ते जवळजवळ चौपट जागा व्यापतात. सोलापुरात वर्षातील कितीतरी महिने दुपारचे तापमान या मर्यादेच्या वर आणि रात्रीचे खाली असते. मार्च-एप्रिलमधील वळिवाची एखादी सर किंवा भिंतीला लागून टाकलेले सांडपाणी यांनी ओल पुरवली, की एका रात्रीत हे रूपांतर घडू शकते.

बर्फ आणि मीठ यांचे हे नाते अभियंत्यांना जुनेच माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये, कोणता इमारती दगड हिमाला टिकेल हे पाहण्यासाठी दगड सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवून वाळवण्याची चाचणी सुरू झाली. तीच चाचणी आजही चालते. आपल्या क्रशरची खडी काँक्रीटसाठी चालेल की नाही हे ठरवताना प्रयोगशाळेत ती या द्रावणात पाच वेळा भिजवून वाळवतात, आणि भारतीय मानकानुसार जाड खडीच्या वजनात १२ टक्क्यांहून अधिक घट येता कामा नये. घट्ट काळा बेसॉल्ट ही परीक्षा सहसा सहज पार करतो, कारण त्यात छिद्रे फारच कमी असतात. लाव्हाच्या थराच्या माथ्याकडचा, पोकळ्यांनी भरलेला बेसॉल्ट आणि कच्ची भाजलेली वीट यांची मात्र दाणादाण उडते. आपल्या जोत्यात कुठले दगड सोलले जात आहेत आणि कुठले शाबूत आहेत, हे या दृष्टीने तपासून पाहावे. सुटणाऱ्या दगडांत बारीक छिद्रे आढळतील असा माझा अंदाज आहे.

उपायाबद्दल. सर्वांत सहज केला जाणारा उपाय सर्वांत वाईट आहे, तो म्हणजे सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारणे. भिंतीतली ओल त्याने थांबत नाही, तिची बाहेर पडण्याची वाट तेवढी बंद होते. मग ती आणखी वर चढते आणि क्षार गिलाव्याच्या मागे, दगडाच्या आतच साठतात. दोन-तीन पावसाळ्यांनी गिलावा पोपडा धरतो आणि पडताना दगडाचा थरही घेऊन पडतो. त्यापेक्षा पाण्याचा मार्ग आधी वळवावा. पन्हाळीचे, मोरीचे आणि कूलरचे पाणी जोत्यापासून लांब न्यावे, जोत्याला चिकटून केलेली फरशी किंवा काँक्रीट काढून तिथे खडीची चर ठेवावी, भिंतीलगतच्या कुंड्या हलवाव्यात. दरजा जिथे मोकळ्या झाल्या आहेत तिथे सिमेंट न भरता चुना भरावा, आणि गिलावा करायचाच असेल तर तोही चुन्याचा करावा. चुन्याचा गिलावा ओलीला बाहेर येऊ देतो आणि क्षार स्वतःत घेतो; काही वर्षांनी तो झडतो, पण झडतो तो गिलावा, दगड नव्हे. तो पुन्हा करता येतो.

सध्या दिसणारा लोणा पाण्याने धुऊ नये, कारण धुतलेले क्षार परत आत शिरतात. उन्हाळ्यात भिंत पूर्ण कोरडी असताना तो मऊ ब्रशने झाडावा आणि झाडलेला भुगा भिंतीच्या पायथ्याशी पडू न देता गोळा करून लांब टाकावा, नाहीतर मृगाच्या पहिल्याच पावसात तो विरघळून पुन्हा त्याच पायात मुरतो.